साथीच्या काळात लहान मुलांची झोप: विस्कटलेली घडी परत कशी बसवायची

एप्रिल २०२०. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. माझी साडेतीन वर्षांची मुलगी पांघरुणात तोंड खुपसून पडली होती. झोपली असं समजून मी दबकत उठायला लागले, तर आतून आवाज आला, "आई, तो विषाणू रात्री झोपतो का?"

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत हीच मुलगी साडेआठला गाढ झोपायची. मग बालवाडी बंद झाली, बाहेरचं खेळणं बंद झालं, आमची ऑफिसं घरात आली आणि तिची झोप रोज दहा मिनिटांनी पुढे सरकत गेली. रोजची दहा मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत. लक्षात आलं तेव्हा ती सकाळी दहाला उठत होती, दुपारी चारला पेंगत होती आणि मध्यरात्रीपर्यंत घरभर उड्या मारत होती. आम्ही तिला लवकर अंथरुणात घातलं, रागावलो, विनवण्या केल्या. त्याने झोपायची जागा ही रडारडीची जागा होऊन बसली, एवढंच झालं.

नंतर बालरोगतज्ज्ञांना विचारत, वाचत आणि स्वतः चुकत जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. साथ कोणतीही असली तरी लहान मुलांची झोप साधारण याच वाटांनी बिघडते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: सुरुवात रात्री करू नका, सकाळी करा.

आधी समजून घ्या: झोप नेमकी कुठे अडते

दोन गोष्टी जुळल्या की झोप लागते. १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने हे गणित मांडलं आणि झोपेचा अभ्यास करणारे आजही ते वापरतात. पहिली गोष्ट म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. मूल जितका वेळ जागं, तितका हा दाब वाढतो. डुलकी झाली की उतरतो. दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ. ते मुख्यतः उजेडावर चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की दिवसाची मोजणी सुरू होते, आणि अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन हे संप्रेरक सोडून शरीराला रात्र झाल्याचं कळवतो.

साथीत दोन्ही एकदम बिघडतात. उशिरा उठल्यामुळे आणि अवेळी डुलक्या घेतल्यामुळे दाब पुरेसा साठत नाही. दिवसभर घरात आणि रात्री टीव्ही-मोबाइलच्या पडद्यासमोर राहिल्यामुळे घड्याळ मागे पडतं. शिवाय नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे तास-दोन तास हे घड्याळ शरीराला जास्तच जागं ठेवतं. म्हणजे ज्या मुलाच्या शरीरात रात्र बाराला होते, त्याला साडेनऊला अंथरुणात घातलं तर ते धिंगाणा घालणारच. त्या वेळी मूल हट्ट करत नसतं. त्याच्या शरीरात अजून संध्याकाळ असते. हे मला आधी कळलं असतं तर बरीच रडारड वाचली असती.

पायरी १: तीन दिवस फक्त नोंद ठेवा

काहीही बदलण्याआधी एका कागदावर चार वेळा लिहा: सकाळी कधी उठलं, दुपारी कधीपासून कधीपर्यंत झोपलं, रात्री अंथरुणात कधी गेलं, आणि खरी झोप कधी लागली. शेवटच्या दोन वेळांमधलं अंतर बघा. ते पाऊण-एक तासाच्या वर असेल तर अंथरुणात जायची वेळ सध्या फार लवकरची आहे.

मग चोवीस तासांची बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार, दुपारची झोप धरून, ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. शाळकरी वयात, म्हणजे ६ ते १२ वर्षांत, झोपतज्ज्ञ ९ ते १२ तास सांगतात. आमची बेरीज अकराच्या वर होती! झोप कमी पडत नव्हती, ती चुकीच्या जागी जाऊन बसली होती. बऱ्याच घरांत हेच होतं. २०२० मध्ये चीनमधल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास झाला, त्यातही मुलं उशिरा झोपत आणि उशिरा उठत असल्याचं दिसलं. एकूण झोप मात्र जवळपास तेवढीच होती.

तुमची बेरीज ठीक असेल, मूल दिवसा आनंदात असेल आणि उशिराच्या वेळा घरातल्या सगळ्यांना झेपत असतील, तर वेळ अलीकडे खेचायची घाई नको. वेळा उशिराच्या असल्या तरी रोज त्याच असू द्या.

पायरी २: उठायची वेळ पक्की करा

मुलाला कधी झोप लागावी हे तुमच्या हातात नाही. कधी उठवायचं हे आहे. म्हणून ही एक वेळ ठरवा आणि सुट्टीच्या दिवशीही पाळा.

मूल दहाला उठत असेल तर एकदम सातला उठवू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. पडदे सरकवा, घरातले आवाज सुरू होऊ द्या, अंगावरून हात फिरवा. उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मुलाला उजेडात न्या: अंगण, गच्ची, बाल्कनी, तेही नसेल तर उघडी खिडकी. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कित्येक पट जास्त असतो. बाहेर पडायची बंदी असेल तर खिडकीजवळची जागा हीच मुलाची सकाळची जागा करा. आम्ही खिडकीखाली चटई टाकली आणि सकाळची खेळणी तिथेच ठेवली.

पहिले तीन-चार दिवस मूल किरकिर करेल, संध्याकाळी डोळे चोळेल. त्या थकव्याची भीती बाळगू नका. रात्रीच्या झोपेसाठी लागणारा दाब असाच साठतो. रात्रीची वेळ उठण्याच्या मागोमाग आपोआप अलीकडे येते. तोपर्यंत मुलाला जेव्हा खरोखर झोप लागते त्या सुमारासच अंथरुणात न्या. उलटं करू नका.

पायरी ३: दुपार आणि अंगमेहनत

दोन वर्षांखालच्या मुलांची दुपारची झोप तोडू नका. ती तोडली तर मूल अतिथकव्याने आणखी पेटतं. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं दुपारची झोप सोडतात. या वयात नियम सोपा ठेवा: झोपलं तर दुपारच्या पहिल्या भागात, तास-दीड तासाच्या आत, आणि चारनंतर नाही. नाही झोपलं तरी तासभर शांत पडायचं, पुस्तकं चाळायची. त्या तासात मोठ्यांनाही श्वास घ्यायला मिळतो.

दिवसातून दोनदा तरी घाम येईल असं काही करू द्या. जागा लहान असली तरी उशांचा डोंगर चढणं, बेडकासारख्या उड्या, दोरीवरून चालणं, भिंतीला हात लावून परत येणं जमतं. हे झोपेच्या आधीच्या तासात मात्र नको.

पायरी ४: संध्याकाळ मंद करा

इथे सगळ्यात मोठी अडचण मोठ्यांची असते. साथीच्या बातम्या, नातेवाइकांचे फोन, आकडे, कुजबुज, हे सगळं संध्याकाळी वाढतं. मूल खेळात गुंगलेलं दिसतं, पण त्याचे कान तुमच्याकडे असतात. शब्द कळले नाहीत तरी आवाजातला ताण कळतो. झोपेच्या आधीच्या दोन तासांत मुलाच्या कानावर बातम्या पडू देऊ नका. गंभीर फोन दुसऱ्या खोलीत घ्या.

पडदा, मग तो टीव्हीचा असो की मोबाइलचा, झोपेआधी किमान तासभर बंद. दिवसा शाळेचे वर्ग, आजी-आजोबांशी व्हिडिओवर गप्पा, आईबाबांच्या कामाची वेळ निभावून नेणं यासाठी तो लागतो. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. संध्याकाळचा तास मात्र राखा. कोलोराडो विद्यापीठाच्या २०१८च्या एका छोट्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घसरलं. उजेड काढून घेतल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांचं नेहमीच्या निम्म्यापर्यंतही परत वाढलेलं नव्हतं. म्हणून नुसता पडदा बंद करून भागत नाही. छतावरचे मोठे दिवे बंद करून कोपऱ्यातला एक पिवळसर दिवा ठेवा.

पायरी ५: झोपेआधीचा अर्धा तास

दिवसात बाकी काहीच हाताशी लागलं नाही तरी हा अर्धा तास सोडू नका. साथीत मुलाचा सगळा दिवस बेभरवशाचा झालेला असतो. शाळा उघडणार की नाही, मित्र भेटणार की नाही, बाबा आज खोलीतून बाहेर येणार की नाही, काहीच त्याला माहीत नसतं. पुढे काय होणार हे त्याला पक्कं सांगता येईल असा दिवसातला एक तुकडा त्याला हवा.

तीन किंवा चारच गोष्टी, रोज त्याच क्रमाने. आमचा क्रम असा होता: कोमट पाण्याने हातपाय धुणं, रात्रीचे कपडे, एक गोष्ट, एक अंगाई. एकच गोष्ट, एकच अंगाई. "आणखी एक" म्हणाली की मी म्हणायचे, "ती उद्याची." आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने तिचीच गोष्ट पहिली घ्यायचे. हा शब्द पाळला की घासाघीस आठवड्याभरात थांबते.

२००९ मध्ये ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे असाच ठरावीक क्रम पाळायला सांगितला होता. मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली, आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. भयाच्या दिवसांत मला यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

अंगाई संपल्यावर मूल पूर्ण झोपेपर्यंत थोपटत बसायचं की नाही, यावर मतं टोकाची असतात. माझं मत: संकटाच्या ऐन भरात मुलाला एकटं झोपायला शिकवायला जाऊ नका. जवळ बसा. मात्र दर चार-पाच दिवसांनी थोडं लांब सरका, आधी शेजारी, मग पायथ्याशी, मग दाराशी. मूल तुमच्या खोलीत यायला मागत असेल तर खाली त्याची वेगळी गादी घाला.

तीन-चार वर्षांपुढचं मूल पाणी, शू, पुन्हा एक पापा असं करत सारखं उठत असेल तर त्याला एक चिठ्ठी द्या. या चिठ्ठीवर रात्रीतून एकदाच, एका छोट्या कारणासाठी उठता येतं. वापरली की चिठ्ठी आईकडे जमा. गंमत अशी की बरीच मुलं ती उशाशी जपून ठेवतात आणि वापरतच नाहीत. आपल्याला उठता येईल एवढा भरवसाच त्यांना पुरतो.

पायरी ६: भीतीला दिवसाची वेळ द्या

त्या रात्री मुलीच्या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर दिलं. विषाणू म्हणजे काय, तो कसा पसरतो, आपण हात का धुतो. ती टक्क जागी झाली आणि एकावर एक प्रश्न विचारत राहिली. पुढे मी शिकले ते हे: रात्री दोन वाक्यं, बाकी सगळं संध्याकाळी पाचला. "तो आपल्या घरात चालत येत नाही. मी इथेच आहे, उरलेलं उद्या पाचला बोलू." आणि पाचला खरंच बसायचं. कागद, रंग, पंधरा मिनिटं. मनात काय भीती आहे ती चितारायची, त्याबद्दल बोलायचं, चित्र डब्यात ठेवून झाकण लावायचं.

या वयाच्या मुलांना आपल्या वागण्यामुळेच वाईट गोष्टी घडतात असं वाटू शकतं. मी हात धुतले नाहीत म्हणून आजोबा आजारी पडले, मी रागावले म्हणून बाबांना दवाखान्यात नेलं. मूल हे बोलून दाखवत नाही, पण झोपेला घाबरायला लागतं. म्हणून त्याने विचारलं नाही तरी सांगा: "तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही." आणि पाळता येणार नाहीत अशी वचनं देऊ नका. "आपल्या घरी कुणालाही काही होणार नाही" यापेक्षा "कुणी आजारी पडलं तर डॉक्टर आहेत, आणि तुझ्याजवळ कोण राहील हे आम्ही ठरवलंय" हे जास्त आधाराचं असतं.

घरात मृत्यू झाला असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगते. "आजी कायमची झोपली", "झोपेतच गेली" असं लहान मुलासमोर बोलू नका. आपण मायेपोटी बोलतो, पण मूल शब्द जसेच्या तसे घेतं. झोपलं की माणूस परत येत नाही असं त्याला वाटलं तर ते डोळे मिटायला का तयार होईल? साधं सांगा: "आजीचं शरीर खूप आजारी होतं. ते काम करायचं थांबलं. ती आता परत येणार नाही. आपल्याला तिची आठवण येईल." मूल हेच दहा वेळा विचारेल. दहा वेळा तेच, त्याच शब्दांत सांगा.

पायरी ७: मध्यरात्री मूल उठलं तर

दोन प्रकार ओळखायला शिका, कारण उपाय वेगळे आहेत.

भयस्वप्न बहुधा उत्तररात्री पडतं. मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला ओळखतं, बिलगतं, स्वप्न सांगतं. त्याला जवळ घ्या, स्वप्न संपलं एवढं सांगा, मंद दिवा राहू द्या. स्वप्नाची चिरफाड रात्री नको.

दुसरा प्रकार झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत येतो. मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, अंग घामाने भिजलेलं, पण तुम्हाला ओळखत नाही. जवळ घ्यायला जावं तर ढकलतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचं काळीज हलतं. पण मूल त्या वेळी गाढ झोपेतच असतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. त्याला हलवून जागं करू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघा आणि थांबा. काही मिनिटांत ते आपोआप आडवं होतं. अपुरी झोप आणि ताप यांनी हे वाढतं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी मुलाला हलकेच चाळवून पुन्हा झोपू द्या. काही दिवसांत चक्र मोडतं.

बऱ्याच दिवसांनी अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, जुनी दुपटी मागणं हेही या काळात होतं. चादर बदला, चारचौघांत बोलून दाखवू नका.

घरातच आजारी माणूस असेल तेव्हा

मुलाला रोज झोपवणारी व्यक्तीच विलगीकरणात गेली तर क्रम तोच ठेवा, माणूस बदला. शक्य असेल तर आजारी आईने किंवा बाबांनी दाराआडून किंवा फोनवरून फक्त अंगाई म्हणावी. पडद्याचा उजेड नको म्हणून नुसता आवाज ऐकवलेला बरा. दोन मोठी माणसं असतील तर रात्र वाटून घ्या: एकाने रात्री एक वाजेपर्यंत उठायचं, दुसऱ्याने नंतर.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर दमणुकीतही काही गोष्टींत सूट नाही. पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-रजई-खेळण्यांशिवाय. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डुलकी घेणं फार धोक्याचं. तुम्हाला झोप येत असेल तर बाळ आधी त्याच्या जागी ठेवा. झोपेत मुलाला मास्क कधीही लावू नका, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला तर जागेपणीही नाही.

मूलच तापलेलं असेल तर आठवडाभर वेळांचे सगळे नियम बाजूला ठेवा. हवं तेव्हा, हवं तितकं झोपू द्या. शांत झोपलेल्या मुलाला केवळ तापाच्या औषधासाठी उठवायची गरज नसते. डॉक्टरांनी ठरावीक वेळेला द्यायला सांगितलेली बाकीची औषधं वेगळी. खोकला किंवा धाप असेल तर झोपलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास, आणि तो डॉक्टरांना दाखवायचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा मूल उठवूनही नीट जागं होत नसेल तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखान्यात न्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तरी तसंच.

झोपेची औषधं

सर्दीची गुंगी आणणारी औषधं झोपेसाठी देऊ नका. काही मुलं त्यांनी उलट चेकाळतात आणि लहानग्यांना त्यांचा धोका असतो. मेलाटोनिनच्या गोड गोळ्याही डॉक्टरांशिवाय नकोत. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ ते २०२१ या काळात ५३० टक्क्यांनी वाढल्या, आणि सर्वांत मोठी वार्षिक वाढ २०१९ ते २०२० या वर्षात झाली. घरी आणल्याच असतील तर कुलपात ठेवा.

चार-सहा आठवडे नेटाने करूनही फरक नसेल, मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पाय सतत हलवत असेल किंवा दिवसाही भेदरलेलं, गप्प राहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ही कारणं नुसत्या वेळा बदलून जात नाहीत.

शाळा पुन्हा सुरू होताना

तारीख कळली की उलटं मोजा. मूल साडेआठला उठतं आणि शाळेसाठी साडेसहाला उठायला हवं, तर दोन तासांचं अंतर आहे. दर तीन दिवसांना पंधरा मिनिटं धरली तर चोवीस दिवस लागतात. एवढे दिवस हाताशी नसतील तर रोज पंधरा मिनिटं घ्या आणि सकाळच्या उजेडावर दुप्पट भर द्या. शाळेच्या पहिल्या आठवड्यात मूल दप्तर टाकता टाकता पेंगेल. त्या दिवशी झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, पण दुसऱ्या दिवशी उठवायची वेळ तीच ठेवा.